गोंदणाची पाटली आणि वुजूचं पाणी

"मिटव वं गुड्डी. सगळी मिटव. एक ठिपका नाही राहिला पायजे."

लेझरचं मशीन सुरू झालं होतं. माझ्या डोळ्यांवर गॉगल, हमीदामावशीच्या डोळ्यांवर काळी झाकणं, आणि दाराशी खुर्चीवर माझी आई, सारखी पदराने नाक पुसत. भिलाईत वैशाली नगरला माझं स्किन क्लिनिक आहे. तिथे मला सगळे मॅडम म्हणतात. फक्त या दोघी मला माझ्याच स्टाफसमोर गुड्डी म्हणतात, आणि स्टाफ तोंड फिरवून हसतो.

टॅटू काढायला माझ्याकडे बरेच जण येतात. बहुतेक पोरं. पोलिसात नाहीतर फौजेत भरती निघाली की मेडिकलच्या भीतीने धावत येतात. बाकीच्यांना जुनं नाव काढायचं असतं, कारण लग्न दुसऱ्याच नावाशी ठरलेलं असतं. पण सत्तरीकडे झुकलेली, हज हाऊसची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली बाई माझ्या लेझर रूममध्ये पहिल्यांदाच आली होती.

हमीदामावशी आमची सेक्टरातली शेजारीण. क्वार्टरला क्वार्टर लागून, मागचं अंगण एकच. तिचे मियाँ आणि माझे बाबा दोघे भिलाईच्या स्टील प्लँटमध्ये, एकाच शिफ्टला, एकाच स्कूटरवर. ती मूळची भंडाऱ्याकडच्या खेड्यातली, म्हणून आमच्यासारखीच मराठी बोलते. तिच्या उजव्या मनगटावर गोंदण आहे, ठिपक्यांच्या दोन ओळी आणि मधे बारीक फुलं. गोंदलेली पाटलीच म्हणा ना. तश्शीच पाटली माझ्या आईच्याही मनगटावर आहे.

दोघी नव्या नवऱ्या असताना देवारीण आली होती. देवार म्हणजे छत्तीसगडात गावोगाव फिरून गोदना करणारे लोक. तिने अंगणात बसकण मारली आणि सांगितलं, बाकीचे दागिने इथेच राहतात, गोदना तेवढा वर सोबत येतो. आईला ते फार पटलं. तिने आधी हमीदामावशीला बसवलं, मग स्वतः बसली. संध्याकाळी दोन्ही घरांत बोलणी बसली. मावशीची सासू म्हणाली, "हे काय हिंदूंचं करून आली?" माझी आजी म्हणाली, "दीक्षा घेतली तवाच आमी हे जुनं सोडलं, अन् हे काय करून आली?" दोघी आपापल्या मोरीत मनगटं घासत बसल्या. ठिपका काही हलला नाही.

तो आता हलवायचा होता.

झालं होतं असं. मावशीच्या मुलाने तिची उमऱ्याची सोय केली. उमरा म्हणजे मक्केची यात्रा, हजपेक्षा छोटी, वर्षात केव्हाही करता येते. त्या आनंदात मावशी दुर्गला मोहन नगरात बायकांच्या एका मजलिसीला, म्हणजे धार्मिक बैठकीला, गेली. तिथे कुणा बाईने तिचं मनगट पाहिलं आणि कपाळावर हात मारला. नमाजाच्या आधी हात, तोंड, पाय धुतात त्याला वुजू म्हणतात. त्याचा नियम असा की जिथे धुवायचं तिथल्या कातडीला पाणी लागलंच पाहिजे, मधे कसलाही थर नको. नेलपॉलिश चालत नाही ते त्यामुळेच. बाई म्हणाली, गोंदणाखाली पाणी पोचत नाही. पाणी नाही तर वुजू नाही. वुजू नाही तर नमाज नाही. मग काबाभोवतीच्या फेऱ्या तरी कशा करशील?

"माह्या आजवरच्या साऱ्या नमाजा पाण्यात गेल्या म्हणते," मावशी मला सांगत होती.

"पाणी लागलंच नाही म्हणते ना ते?" आई म्हणाली. "मंग पाण्यात कशा गेल्या?"

एरवी मावशी यावर आईच्या पाठीत धपाटा घालून हसली असती. त्या दिवशी हसली नाही. तेव्हा मला कळलं की हे प्रकरण गंभीर आहे.

"मी तं नमाजच पढून नाही राहिली आता," ती म्हणाली. "कावून पढू? पोचतच नाही तं?"

आई मुसमुसली. "मीच बसवली हिले त्या देवारणीपुढं. माह्यामुळं झालं सारं."

आता डॉक्टर म्हणून माझं काम सोपं होतं. मी मावशीला सांगितलं की टॅटू एका बैठकीत जात नाही. लेझरने शाईचे कण फुटतात आणि मग शरीर ते हळूहळू वाहून नेतं. दोन बैठकांमध्ये काही आठवडे जावे लागतात. तुझं विमान त्याच्या आधीच उडणार आहे.

"जेवढं होईन तेवढं कर."

"शुगर?"

"गोळी सुरू आहे. ताब्यात आहे."

"जखम भरल्यावर तिथे गाठ येते का? वाढलेला जाड वण?"

"नाही बा."

मी टेस्ट स्पॉट करायचं ठरवलं. कातडी कशी वागते ते पाहायला आधी एवढ्याशाच जागेवर लेझर मारून बघतात, त्याला टेस्ट स्पॉट म्हणतात. पाटलीच्या कडेचा एक ठिपका निवडला. सुन्न करायचं क्रीम लावलं, थांबले, पुसलं, आणि टक टक टक. रबर बँड ताणून सोडल्यासारखं लागतं. मावशीने हूं की चूं केलं नाही. ठिपक्यावर पांढरट साय आली, तशी ती येतेच. मलम लावलं, वरून पारदर्शक वॉटरप्रूफ पट्टी चिकटवली आणि रोज शंभरदा म्हणते ते वाक्य म्हणाले.

"दोन दिवस इथे पाणी लागू द्यायचं नाही."

मावशीने मान हलवली. दोघी रिक्षात बसून गेल्या. मला वाटलं, निदान मनाला बरं वाटेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन. ओपीडी भरलेली, समोर एक पोरगी चेहऱ्यावरचे पिंपल दाखवत बसलेली.

"तू काय करून ठेवलं वं गुड्डी?"

"काय केलं?"

"ते हमीदा रडून राहिली. आंधी म्हणे शाई पाणी पोचू नाही देत. आता तुही पट्टी पोचू नाही देत! अन् तूच म्हणली, पाणी लावाचं नाही!"

मी पिंपलवाल्या पोरीकडे पाहत राहिले. ती घाबरली, म्हणाली, "मॅडम, सीरियस है क्या?"

कातडीवर पाण्याला अडवणारा थर नको म्हणून बाई माझ्याकडे आली होती. आणि मी तिच्या कातडीवर पाण्याला अडवणारा थर चिकटवून तिला घरी पाठवलं होतं. वर तो कंपनीच्या हमीसकट होता. इतकी वर्षं शिकून मी नेमकं हे केलं! मला हसूही येत होतं आणि स्वतःचा रागही.

आता हे लेझरचं काम राहिलं नव्हतं. ज्याचं काम त्याने करावं, म्हणून मी मशिदीतल्या मौलाना साहेबांना फोन लावला. ते माझे पेशंट. दिवसातून पाच वेळा पाय धुवायचे आणि ओलेच पाय मोज्यात घालायचे, त्यामुळे बोटांच्या बेचक्यात बुरशी झालेली. अशी बुरशी मी प्लँटमधल्या बूट घालणाऱ्या लोकांतही पाहते, फक्त तिथे कारण घाम असतं. औषध देऊन मी त्यांना बजावलं होतं, पाय धुतल्यावर बेचकी पुसून कोरडी करा.

"मीच येतो," ते म्हणाले. "पायही दाखवायचेच आहेत."

संध्याकाळी ओपीडी संपवून आम्ही बसलो. मौलाना टेबलाच्या पलीकडे, आई आणि मावशी भिंतीशी बाकावर. मी अदबीने हिंदीत सुरुवात केली. तेवढ्यात आई मावशीला म्हणाली, "सांग वं साऱ्या गोष्टी, लपवू नको काई." मौलानांनी आईकडे पाहिलं.

"ताई, कुठल्या तुम्ही?"

"तुमसरच्या."

"आम्ही कामठीचे." ते एकदम खुशीत आले. "मग डॉक्टर, आपण मराठीतच बोलू. भिलाईत आल्यापासून मराठी बोलायला माणूस शोधावा लागतो."

मावशीने सगळं सांगितलं. मजलिस, ती बाई, शाई, मग माझी पट्टी. शेवटी तिने विचारलं. "मौलाना साहेब, माह्या नमाजा गेल्या का?"

मौलानांनी हात वर करून तिला थांबवलं. ते माझ्याकडे वळले.

"मला एकच गोष्ट सांगा. ही शाई कातडीच्या वर आहे की आत?"

"आत."

"नक्की?"

"नक्की. कातडीचे दोन मजले असतात. वरचा रोज झडतो आणि नवा येतो. शाई वरच्या मजल्यावर असती तर महिन्याभरात निघून गेली असती. सुई ती खालच्या मजल्यावर नेऊन सोडते. म्हणून तर ती इतकी वर्षं टिकते."

मौलानांनी मान डोलवली. पण मावशीच्या चेहऱ्यावर काही उजेड पडला नव्हता. मला वाटलं, उदाहरण द्यावं. आईच्या पर्समधलं लॅमिनेट केलेलं कार्ड काढून घेतलं, बेसिनजवळ नेलं आणि नळाखाली धरलं.

"हे बघ मावशी. अक्षरं खाली आहेत. वर प्लॅस्टिक. पाणी टाकलं की वरचा भाग सगळा ओला झाला की नाही?"

मावशीने कार्ड हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, पुसून पाहिलं. मग कपाळाला हात लावला.

"हेच तं ते बाई म्हणत होती! आतमंधी कागद कोरडाच राहिला!"

आई म्हणाली, "गुड्डी, तू बोलूच नको."

मौलाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी प्यायले, मग सावरून बसले. "हमीदाबी, उदाहरण बरोबर आहे. डॉक्टरांनी फक्त अर्धंच सांगितलं. आता मी सांगतो. वुजूत काय धुवायचं असतं? वरची कातडी. हाड धुवायचं असतं का?"

"नाही."

"रक्त? मांस? आतली शाई?"

"नाही."

"मग? वरची कातडी भिजली की वुजू झाला. नेलपॉलिश नखावर थर करून बसतं, पाण्याला आडवं येतं. ते काढावं लागतं. मेंदीचा रंग आत मुरतो, थर राहत नाही. मेंदी लावून वुजू होतो ना?"

"हाव, होते."

"मग हेही तसंच. तुमचा वुजू होत होता. नमाजा झाल्या."

मावशी ओढणी तोंडाला लावून नुसती बसली. आईने तिचा हात धरला, तोच पट्टीवाला. मी म्हणणार होते, पट्टी दाबू नको, पण माझं तोंड बंद ठेवायचं ठरलं होतं.

मौलानांनी पुढचंही लपवलं नाही. "गोंदण करणं आमच्यात मना आहे, ते मना आहेच. ते करायला नको होतं. पण तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं, वाईट वाटलं, तौबा केली. अल्लाह माफ करणारा आहे. आता काढायचं की नाही, त्यासाठी माझा पुन्हा डॉक्टरांनाच सवाल. काढल्याने काही इजा होईल?"

"साधारण होत नाही," मी म्हणाले. "कधी डाग राहतो. ज्यांना वण वाढून गाठ होण्याची सवय असते त्यांना मात्र मी करत नाही. केलॉइड म्हणतात त्याला. मावशीला विचारलं मी, तिला तसं काही नाही."

"नाही कसं?" आई बाकावरून उठली. "हिच्या कानाची गोटी? कान टोचले होते दुसऱ्यांदा, तं मागं एवढी गोटी आली होती! ऑपरेशन करून काढली, तं पुन्हा आली!"

मी मावशीकडे पाहिलं. "मी विचारलं होतं ना? जखमेवर गाठ येते का म्हणून?"

"तू जखम म्हणली," मावशी म्हणाली. "कान टोचणं काय जखम होय?"

ओढणी बाजूला करून पाहिलं. कानाच्या पाळीमागे बोराएवढी, गुळगुळीत, कडक गाठ. पुस्तकातल्या फोटोसारखी. मनगटावर सबंध पाटलीला लेझर मारलं असतं आणि तिथे अशी माळ उठली असती, तर? नशीब, एकाच ठिपक्यावर थांबले होते.

"मौलाना साहेब, इजा होऊ शकते," मी सांगितलं. "मी काढणार नाही."

"मग विषय संपला. जिवाला त्रास करून घेऊन काढायची जबरदस्ती नाही." ते मावशीकडे वळले. "आणि ही पट्टी. डॉक्टरांनी पाणी नको म्हटलंय तर लावू नका. बाकीचा हात धुवा आणि पट्टीवरून ओला हात फिरवा. त्याला मसह म्हणतात. जखमेवर पट्टी असली की तेवढ्याने भागतं."

"एवढंच?" मावशी म्हणाली.

"एवढंच. पण हमीदाबी, एक हिशेब राहिला." आता त्यांचा चेहरा गंभीर झाला. आम्ही तिघी सावध झालो. "गोंदणामुळे तुमची एकही नमाज गेली नाही. पण मजलिसीहून आल्यापासून घाबरून ज्या सोडल्या, त्या मात्र गेल्या. त्या कजा आहेत. भरून काढाव्या लागतील."

मावशी मग दोन्ही हातांनी गुडघ्यांवर थाप मारून अशी हसली की रिसेप्शनवरची पोरगी डोकावून गेली. "म्हणजे होत होत्या तवा वाटलं नाही होत, अन् नाही होत म्हणून सोडल्या तं खरंच गेल्या!"

आईने तिच्या पाठीत धपाटा घातला. दोघी हसता हसता रडायला लागल्या. मी मौलानांचे पाय तपासायला घेतले, कारण खोलीत तेवढंच काम माझ्या अधिकारातलं उरलं होतं. बुरशी बरीच गेली होती. बेचकी अजून ओलीच.

"पुसत नाही ना तुम्ही?"

"घाई होते हो डॉक्टर," ते ओशाळून म्हणाले.

"नियम म्हणजे नियम," मी म्हणाले. तेवढीच माझी भरपाई.

उमऱ्याला जाण्याआधी मावशी पुन्हा आली. मनगटावरची ती जागा पाहिली. गाठ आली नव्हती, सुटले. ठिपका बराच फिका पडला होता, काजळीची शाई लेझरचं लवकर ऐकते. पाटलीच्या कडेला तेवढीच एक खिंड. मावशीला तिकडच्या उन्हासाठी क्रीम हवं होतं, आणि ते बिनवासाचं, कारण एहराम, म्हणजे यात्रेचं व्रत, बांधला की सुगंध चालत नाही. या वेळी मी डबीवरचं सगळं बारीक अक्षरातलं वाचलं, स्वतः हुंगलं, आईला हुंगायला लावलं आणि मगच दिलं.

ती गेली आणि परत आली. मक्केतल्या जमजम विहिरीचं पाणी आणि खजूर घेऊन थेट क्लिनिकवरच. आईला मी बोलावून घेतलं होतं. मावशी उन्हाने काळवंडली होती आणि चेहरा मात्र लग्नाहून आल्यासारखा.

"कसं झालं?" आईने विचारलं.

"काय सांगू तुले! काबा दिसला तं पायच नाही हलले. लोकांनी सांगतलं होतं, पयल्या नजरेत जे मागाचं ते मागून घे. म्या घरून सारं पाठ करून नेलं होतं. पोराचं, सुनेचं, नातवाचं. तिथं सारं इसरली. दुवा मागाले हात वर केले तं बाही सरकली खाली." तिने तसेच दोन्ही हात वर करून दाखवले. खरंच बाही सरकली. "अन् डोळ्यासमोर हेच पाटली. मंग तुहंच नाव आलं तोंडात. पयली दुवा तुलेच गेली."

आमच्या घरात दुवा नाही, देव नाही. बुद्धवंदना आहे आणि भिंतीवर बाबासाहेब. पण आईने आपलं मनगट मावशीच्या मनगटाला लावून ठेवलं, ठिपक्यांना ठिपके. डोळे भरलेले. मग एकदम तिची नजर त्या फिक्या जागेवर गेली.

"एक ठिपका कमी आहे तुहा," ती म्हणाली. "तेवढी दुवा कमी पडली असंन."

"ते तुह्या पोरीले विचार," मावशी म्हणाली.

त्या दिवसापासून मी दोन प्रश्न मशीन चालू करायच्या आधी विचारते. पहिला, का काढायचं आहे? दुसरा, कान टोचल्यावर काय झालं होतं? पहिल्या प्रश्नावर काही पेशंट उठून घरी जातात. मशीन रिकामं राहतं. मौलाना साहेबांची बेचकी मात्र अजून ओलीच असतात.